जपमाळ, वॉकर आणि मेडिकेअर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात अमेरिकेतल्या कॅथलिक संस्थांच्या वृद्धशुश्रूषेवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. आधी एका शब्दाचा खुलासा. भारतात ‘नर्सिंग होम’ म्हणजे डॉक्टरांचं छोटं रुग्णालय. अमेरिकेत मात्र वृद्ध, परावलंबी माणसं कायमची राहतात त्या जागेला नर्सिंग होम म्हणतात. त्याच इमारतीत इस्पितळातून सुटलेल्या रुग्णाला काही आठवडे ठेवून नर्सची देखरेख, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, बोलण्या-गिळण्याची थेरपी देतात. ते ‘स्किल्ड नर्सिंग’. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेड गरिबांचा. छप्पर एकच, पण पैसे कोण भरणार याचे नियम अगदी निराळे, आणि पत्रांमधले निम्मे घोटाळे तिथेच झालेले दिसतात.

प्रश्न: आई (वय 81) न्हाणीघरात पडली, कमरेच्या हाडाला तडा गेला. शस्त्रक्रिया लागली नाही. चार रात्री इस्पितळात होती. आता आमच्या पॅरिशजवळच्या (म्हणजे आमच्या चर्चजवळच्या) कॅथलिक नर्सिंग होममध्ये जागा मिळते आहे, पण ते म्हणतात मेडिकेअर पैसे देणार नाही. चार रात्री राहूनही असं कसं?

तुमची आई बहुधा ‘ऑब्झर्वेशन’वर होती. खाट तीच, नर्स तीच, सलाईन तेच. पण कागदोपत्री ती बाह्यरुग्ण. मूळ (म्हणजे थेट सरकारी) मेडिकेअरचा पार्ट ए, म्हणजे इस्पितळखर्चाचा भाग, स्किल्ड नर्सिंगचे पैसे देतो तो सलग तीन दिवस ‘इनपेशंट’ म्हणून भरती असल्यासच. दाखल झाल्याचा दिवस मोजतात, सुटीचा दिवस मोजत नाहीत. इमर्जन्सीत आणि ऑब्झर्वेशनमध्ये काढलेले तास या हिशेबात धरत नाहीत.

ऑब्झर्वेशन 24 तासांपेक्षा जास्त चाललं तर इस्पितळाने तसं लेखी कळवायला हवं, आणि तेही 36 तासांच्या आत. भरतीच्या गडबडीत सह्या करवून घेतलेल्या कागदांमध्ये ती सूचना असते. ती शोधा. आधी इनपेशंट लिहून मग इस्पितळानेच ऑब्झर्वेशन केलं असेल, तर मूळ मेडिकेअरमध्ये 2025 पासून त्याविरुद्ध अपील करता येतं. सुरुवातीपासूनच ऑब्झर्वेशन असेल तर हा मार्ग नाही. म्हणून रुग्ण खाटेवर असतानाच, दुसऱ्या दिवशी सकाळी, केस मॅनेजरला सरळ विचारावं: “भरती इनपेशंट आहे का? ऑर्डर किती वाजताची?” उत्तर ऑब्झर्वेशन आलं तर डॉक्टरांशी तेव्हाच बोलावं. सुटी झाल्यावर फारसं काही हातात उरत नाही.

अट पूर्ण झाली असती तर हिशेब असा असता: पहिले 20 दिवस शून्य, 21 ते 100 दिवसांपर्यंत रोज ठरावीक हिस्सा (2025 साली रोज 209.50 डॉलर), 100 नंतर सगळं आपलं. बहुतेक मेडिगॅप विमे (मूळ मेडिकेअरला जोड म्हणून घेतलेले खाजगी विमे) तो हिस्सा भरतात. शंभर दिवस हा हक्क नव्हे, ही कमाल मर्यादा आहे. रोज स्किल्ड सेवेची गरज असेल तोवरच ते मिळतात. सलग 60 दिवस ना इस्पितळ, ना स्किल्ड सेवा, असे गेले की मोजणी नव्याने सुरू होते. मेडिकेअर ॲडव्हांटेज योजना (खाजगी कंपनीमार्फत घेतलेली मेडिकेअर) असेल तर तीन दिवसांची अट बहुधा नसते, पण योजनेची पूर्वमंजुरी लागते.

आता आईसाठी काय करता येईल? घरी येणारी नर्स आणि थेरपिस्ट, म्हणजे ‘होम हेल्थ’. याला इस्पितळाच्या तीन दिवसांची अट नाही. रुग्णाला घराबाहेर पडणं कष्टाचं असावं, अधूनमधून नर्सच्या किंवा थेरपीच्या स्किल्ड सेवेची गरज असावी आणि डॉक्टरांनी लिहून द्यावं. कॅथलिक संस्थेत काही आठवडे स्वतःच्या खर्चाने ठेवायचं असेल तर त्यांच्याकडे मदतनिधी आहे का हे जरूर विचारा. संकोच करू नका. लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर हा संघ 1839 साली फ्रान्समधल्या सँ-सर्व्हां गावी सुरू झाला, तो जान जुगान यांनी एका अंध वृद्धेला आपल्या खाटेवर झोपवून. त्यांच्या सिस्टर्स आजही वृद्धांसाठी दारोदार मागतात. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठीच हे काम उभं राहिलं.

प्रश्न: रिहॅब सेंटर आणि स्किल्ड नर्सिंग एकच का?

नाही. इस्पितळ दर्जाच्या रिहॅबमध्ये साधारणपणे दिवसाला 3 तास, आठवड्यातून 5 दिवस थेरपी झेपावी लागते आणि डॉक्टर वारंवार तपासतात. स्किल्ड नर्सिंगमधली थेरपी त्याहून कमी आणि संथ. पक्षाघातानंतर अंगात दम असलेल्या रुग्णासाठी आधी पहिल्याची मागणी करा. डिस्चार्ज प्लॅनर जी जागा आधी रिकामी होईल ती पुढे करतात.

प्रश्न: आम्ही हिंदू, सासरे कट्टर शाकाहारी. घराजवळचं सगळ्यात चांगलं नर्सिंग होम कॅथलिक सिस्टर्सचं आहे. त्यांना प्रार्थनेला बसवतील का? खोलीत गणपती ठेवता येईल? जेवणाचं काय?

प्रार्थनेची सक्ती होणार नाही. मेडिकेअर-मेडिकेड घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला 1987 च्या कायद्यानुसार रहिवाशाचे हक्क पाळावे लागतात. धार्मिक कार्यक्रमाला जायचं की नाही हे त्याने ठरवायचं, आणि स्वतःच्या वस्तू खोलीत ठेवण्याचा हक्कही त्यात आला. भिंतीवर क्रूस असेल, सकाळी स्पीकरवरून प्रार्थना ऐकू येईल, एखादी सिस्टर दारात थांबून विचारपूस करील. गणपती ठेवा, जपमाळ ठेवा. निरांजन आणि उदबत्ती मात्र नाही. शेजारच्या खाटेला ऑक्सिजन चालू असू शकतो, तिथे ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटरीचा दिवा चालतो. संस्थेच्या चॅप्लेनला (तिथल्या धर्मसेवकाला) भेटा. इतर धर्मीयांना त्यांच्या उपासनेची सोय करून देणं हे त्याचं कामच आहे, आणि मृत्यूनंतरचे विधी, देहाला कोणी हात लावायचा, अग्निसंस्कार कुठे, हे आधी सांगून ठेवलं तर ते फाइलमध्ये लिहून ठेवतात.

जेवणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण गडबड इथेच होते. कॅथलिक स्वयंपाकघरात ‘मीटलेस’ म्हणजे शुक्रवारचं जेवण, आणि त्यात मासे चालतात. त्यामुळे नुसतं ‘शाकाहारी’ किंवा ‘नो मीट’ लिहून भागत नाही. आहारतज्ज्ञाकडून फाइलमध्ये असं लिहून घ्या: मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, अंडं नाही (खात असतील तर तसं), मांसाचा रस्सा नाही, जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातडीचं) नाही. भाज्यांचं सूप बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजतं. जेलो जिलेटिनचं. औषधांच्या कॅप्सूलही बऱ्याचदा जिलेटिनच्या. पर्यायी गोळी असेल तर फार्मासिस्ट बदलून देतो.

दुसरी अडचण प्रथिनांची. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, आजारातून सावरताना 1.2 ते 1.5, जखम असेल तर 1.25 ते 1.5. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 90 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टर ठरवतात. ताटातून मांस नुसतं काढून टाकलं की उरतो बटाट्याचा लगदा आणि उकडलेला वाटाणा, त्यातून निम्मीही मिळत नाहीत. दही, दूध, चीज, टोफू, राजमा हे रोजच्या ताटात नावानिशी लिहून घ्या. घरून वरण-भात नेता येतो, पण गिळण्याचा पोत ठरवून दिलेला असेल तर त्याच पोताचा, आणि नर्सला दाखवूनच. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर पालक-मेथी एक दिवस भरपूर आणि मग आठवडाभर नाही, असं करू नका. रोज सारख्या प्रमाणात द्या, नाहीतर रक्ततपासणीचा आकडा डगमगतो.

प्रश्न: माझे बाबा मूळचे वसईचे, आयुष्यभर रोज मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाणारे. पक्षाघातानंतर स्पीच थेरपिस्टने घट्ट केलेले द्रव आणि मऊ लगदा एवढंच सांगितलं आहे. कम्युनियन (मिस्सात मिळणारा पवित्र भाकरीचा घास) कसं द्यायचं? परवा एका स्वयंसेविकेने नेहमीची होस्ट (कम्युनियनची पातळ, गोल भाकर) दिली आणि त्यांना ठसका लागला. फादरना कधी बोलवावं?

ठसका लागला हे नर्सला आणि स्पीच थेरपिस्टला आजच सांगा. पुढचे दोन-तीन दिवस ताप, घशात घरघर, ओला झालेला आवाज याकडे लक्ष द्या. फुप्फुसात अन्न उतरल्याची ती खूण असते. पक्षाघातानंतर काहींना ठसकासुद्धा लागत नाही आणि अन्न गुपचूप खाली उतरतं, म्हणून ‘खोकले नाहीत, म्हणजे ठीक’ असं धरू नका.

होस्ट दिसायला पातळ, पण कोरडी. ती टाळूला चिकटते, आणि अशक्त बाजूच्या गालात साठून नंतर घशात घसरते. स्पीच थेरपिस्टला सांगा की बाबांना कम्युनियन घ्यायचं आहे, तेव्हा गिळण्याच्या तपासणीत होस्टचा तुकडाही बघा. पवित्रीकरण न झालेली होस्ट चॅपलमधून मिळते. थेरपिस्टने होकार दिल्यावरच पुढचं. बाबांना सरळ 90 अंशांत बसवा. मसुराच्या डाळीएवढा कण पुरतो. चर्चच्या शिकवणीप्रमाणे लहानशा कणातही ख्रिस्त संपूर्ण असतो, त्यामुळे बाबांना काही कमी मिळालं असं वाटायचं कारण नाही. कण जिभेच्या मध्यावर, चांगल्या बाजूला ठेवा. मग त्यांना ठरवून दिलेल्या घट्टपणाचं पाणी चमचाभर. दोनदा गिळायला सांगा, तोंड उघडून गालाचा खळगा तपासा, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. हनुवटी छातीकडे घेण्याची युक्ती थेरपिस्टने सांगितली असेल तरच करा. काही रुग्णांना ती उलट बाधते.

कणही नको असं ठरलं तर चर्चच्या कायद्यात (कॅनन 925) गरजेच्या प्रसंगी नुसत्या द्राक्षारसाच्या (वाइनच्या) रूपात कम्युनियन देण्याची मुभा आहे. पण पातळ द्रव बाबांना वर्ज्य आहे, तेव्हा त्याचे थेंब किती आणि कसे हेही थेरपिस्टनेच सांगावं. तोंडाने काहीच घ्यायचं नसेल तेव्हा आत्मिक कम्युनियनची प्रार्थना, मिस्साचं प्रक्षेपण आणि फादरांचा आशीर्वाद. कम्युनियनआधीचा तासाभराचा उपास वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लागू नाही (कॅनन 919). लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, उपासाचं बंधन 59 वर्षांपर्यंतच. बाबा ‘उपास’ म्हणून जेवण परतवत असतील तर फादरांकडूनच त्यांना हे ऐकवा, मुलांचं ऐकायचे नाहीत.

स्वयंसेवकांना रुग्णाचा आहार ठाऊक नसतो. कम्युनियनच्या यादीत बाबांच्या नावापुढे ‘आधी नर्सला विचारा’ एवढं लिहून घ्या.

रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नका. ‘फादर आले म्हणजे संपलं’ ही भीती आपल्या घराघरांत आहे, आणि तिच्यापायी माणूस शुद्धीत असताना संस्कार राहून जातो. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वार्धक्याने फार खंगलेल्यांनाही तो देतात. प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हा देता येतो. कपाळाला आणि हातांना तेल लावतात. हा संस्कार फक्त धर्मगुरूच करू शकतात, डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदाचा सेवक) किंवा सिस्टर नाही. कबुलीजबाब द्यायचा असेल तर तो आधी, म्हणजे बोलता येत असतानाच फादरांना बोलवावं. आणखी एक: इस्पितळ आपणहून पॅरिशला कळवत नाही. भरतीच्या वेळी धर्म ‘कॅथलिक’ लिहा, ‘धर्मगुरूंची भेट हवी’ असं सांगा आणि पॅरिशच्या कार्यालयात स्वतः फोन करा.

प्रश्न: दहाच दिवसांत आईच्या टाचेवर जांभळट काळा डाग आला. नर्स म्हणाल्या, लाली कधी दिसलीच नाही.

लाली दिसली नसेल, कारण सावळ्या त्वचेवर ती दिसत नाही. दाबाने होणाऱ्या जखमेची, म्हणजे बेडसोरची, पुस्तकातली पहिली खूण गोऱ्या कातडीची आहे: बोटाने दाबूनही न फिकटणारी लाली. आपल्या रंगाच्या त्वचेवर दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात: शेजारच्या जागेपेक्षा गरम किंवा गार लागणं, कडक किंवा पिठासारखं मऊ लागणं, आसपासपेक्षा गडद, जांभळट छटा, आणि तिथे दुखणं. रोज अंघोळीच्या वेळी टाचा, माकडहाड, कुल्हे आणि ऑक्सिजनची नळी लावली असेल तर कानामागे हात फिरवून बघायला सांगा, चांगल्या उजेडात.

जांभळा डाग म्हणजे आतल्या मांसाला इजा झालेली असते. टाचेचं हाड अणकुचीदार, त्यावर मांस थोडं. गादीवर टाच तासन्‌तास टेकली की तिथलं रक्त थांबतं. मोडलेल्या पायाचा माणूस तो पाय हलवत नाही, म्हणून डाग बहुधा त्याच बाजूला. टाच पूर्ण अधांतरी हवी: उशी पोटरीखाली लांबीला, गुडघा किंचित वाकलेला, टाच आणि गादीमध्ये हात सरकेल एवढी फट. घोट्याखाली गुंडाळी किंवा टायरसारखी चकती ठेवू नका, तिने कडेचं रक्त अडतं. डागावर चोळू नका. कोरडी घट्ट खपली असेल तर ती ओढून काढायची नसते.

कूस बदलणं साधारण दर 2 तासांनी, तेही पूर्ण कुशीवर नव्हे, 30 अंश कलतं. जेवणाची वेळ सोडून खाटेची डोक्याकडची बाजू 30 अंशांहून वर नको, कारण माणूस घसरतो आणि कातडी एकीकडे, मांस दुसरीकडे ओढलं जातं. तुमच्या हक्काचं असं: डाग कधी दिसला, लांबी-रुंदी किती, डॉक्टरांना कधी कळवलं, हे लेखी मागा, दर आठवड्याला मोजमाप मागा. प्रेमळ सिस्टर्सच्या जागी असं विचारणं उद्धटपणा वाटतो असं तुम्ही लिहिलंत. विचाराच. चांगल्या संस्थेत याचा राग येत नाही.

प्रश्न: तीन आठवड्यांनी ‘प्रगती थांबली’ म्हणून वडिलांची थेरपी बंद करत आहेत. मेडिकेअरचा नियमच तसा आहे म्हणाले.

तसा नियम नाही. 2013 साली जिम्मो खटल्यातल्या समझोत्याने हे स्पष्ट झालं: सुधारणा होत नाही एवढ्या कारणाने सेवा नाकारता येत नाही. आहे ती क्षमता टिकवण्यासाठी किंवा घसरण मंदावण्यासाठी प्रशिक्षित थेरपिस्टचं किंवा नर्सचं कौशल्य लागत असेल, तर ती सेवा बसते. मात्र साधा मदतनीस तोच व्यायाम सुरक्षितपणे करवू शकत असेल तर नाही बसत.

सेवा संपण्याच्या किमान 2 दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. तिच्यावरच्या फोन क्रमांकावर, सेवा संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी 12 च्या आत अपील करा. साधारण 72 तासांत निकाल येतो. सूचनेवर सही केली म्हणजे मान्यता दिली असं नाही, मिळाल्याची ती पोच. अपील हरलात तर मधल्या दिवसांचं बिल तुमच्याकडे येतं, हे धरून चाला. डॉक्टरांकडून एक ओळ मिळवा, ‘सुधारणा’ हा शब्द टाळून: थेरपी थांबल्यास काय बिघडेल (पडण्याचा धोका, सांधा आखडणं, गिळण्याचा धोका) आणि त्यासाठी कौशल्य का लागतं.

प्रश्न: कॅथलिक संस्थेत ‘डीएनआर’ (हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न नको, असा लेखी आदेश) चालतं का? आईला विस्मरणाचा आजार आहे, शेवटच्या टप्प्यात. नळीने अन्न देणं बंधनकारक करतील अशी भीती वाटते.

डीएनआर चालतं. अमेरिकेतल्या कॅथलिक आरोग्यसंस्था बिशप परिषदेच्या नैतिक-धार्मिक निर्देशांनुसार चालतात. त्यांचा गाभा असा की, ज्या उपायातून फायद्याची वाजवी आशा आहे आणि ज्याचा भार अतोनात नाही, तो घ्यावा; बाकीचे नाकारता येतात. वेदनेसाठी मॉर्फीन देता येतं, त्याने आयुष्य अप्रत्यक्षपणे थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी; हेतू वेदना कमी करण्याचा हवा. इच्छामरणाला किंवा आत्महत्येला साहाय्य मात्र ते करणार नाहीत, राज्याच्या कायद्यात मुभा असली तरी.

नळीबद्दलचा निर्देश असा. अन्नपाणी देणं, नळीनेही, हे तत्त्वतः कर्तव्य. पण त्याने आयुष्य वाढण्याची वाजवी अपेक्षा नसेल, किंवा रुग्णाला फार जाच होत असेल, तर ते ऐच्छिक ठरतं. विस्मरणाच्या शेवटच्या टप्प्यात वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी, नळीची शिफारस करत नाही. चमच्याने, हळूहळू, रुग्ण घेईल तेवढं भरवावं असं सांगते. नळीने फुप्फुसात अन्न जाणं थांबत नाही, आणि नळी उपसू नये म्हणून हात बांधण्याची वेळ येते. म्हणजे तुमच्या आईच्या स्थितीत दोन्ही बाजूंचा मेळ बसू शकतो. पण संस्थेगणिक अर्थ थोडा वेगळा लावला जातो, म्हणून दाखल करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: तुमचं अन्नपाण्याचं धोरण काय, आमच्या इच्छापत्रातलं (कोणते उपचार हवे-नको हे आधी लिहून ठेवलेल्या कागदातलं) काही तुम्ही पाळणार नसाल तर ते कोणतं, आणि तशी वेळ आली तर दुसरीकडे हलवण्यात मदत कराल का. 1990 च्या कायद्याने इच्छापत्राबद्दलचं धोरण दाखल करतानाच लेखी द्यावं लागतं. आरोग्यविषयक निर्णय घेणारी व्यक्ती आईला समज होती तेव्हा नेमलेली असेल तर तो कागद इथे सर्वांत मोलाचा.

प्रश्न: आई-वडील नुकतेच ग्रीन कार्डवर आले. मेडिकेअर मिळेल?

लगेच नाही. 65 वर्षं पूर्ण आणि ग्रीन कार्डावर सलग 5 वर्षं अमेरिकेत वास्तव्य झाल्यावर पैसे भरून घेता येतं. पार्ट ए चा पूर्ण हप्ता 2025 साली महिना 518 डॉलर, पार्ट बी (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण सेवांचा भाग) याचा हप्ता आणखी वेगळा. पार्ट ए चा हप्ता माफ होतो 40 तिमाही कर भरलेल्यांना किंवा त्यांच्या जोडीदाराला; मुलांची नोकरी धरत नाहीत. तोवर खाजगी विमा घ्यावा लागेल. त्यात ‘स्किल्ड नर्सिंग’चे किती दिवस आहेत तेवढं पान आधी वाचा, भेटीवर आलेल्यांच्या विम्यात ते बहुधा नसतंच.

प्रश्न: प्रवेशपत्रावर मला ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’ म्हणून सही करायला सांगतात. करू का?

तशी नको. मेडिकेअर-मेडिकेडच्या नियमानुसार तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे भरण्याची हमी दिल्याशिवाय प्रवेश नाही, अशी अट कोणतंही नर्सिंग होम घालू शकत नाही. रुग्णाच्या पैशांतून बिल भरण्याची जबाबदारी तुमच्याकडे असू शकते, तेवढीच. सहीपुढे ‘मुखत्यार म्हणून, रुग्णाच्या वतीने’ असं स्वतःच्या हाताने लिहा. लवादाचा कागद (वाद कोर्टात न नेता लवादाकडे नेण्याची संमती) वेगळा असतो, तोही प्रवेशाची अट होऊ शकत नाही. सही झाली असेल तर 30 दिवसांत मागे घेता येते. दोन्ही कागदांची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.